तापलेल्या सपाता आणि कोसळलेली वीज : परीकथेच्या चित्रपटीय रूपांतरातील शिक्षेचा कर्ता

१

अभिजात परीकथांवर मुलांसाठी चित्रपट निघू लागले तेव्हापासून त्यांच्याविषयी एक तक्रार सातत्याने केली जाते. चित्रपट परीकथेला सौम्य करतो, तिच्यातील क्रौर्य गाळतो, तिची धार बोथट करून तिला गोडगोड बनवतो, अशी ही तक्रार आहे. तिला मिळणारे उत्तरही ठरलेले आहे. बालप्रेक्षकाचे मन कोवळे असते, काळ बदललेला आहे, तेव्हा थोडे सौम्यीकरण अटळच नव्हे तर इष्टही आहे, असे ते उत्तर. वाद जुना आहे, आणि दोन्ही बाजूंनी तो पुष्कळदा त्याच त्या शब्दांत मांडला गेला आहे.

या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट तपासून न पाहताच गृहीत धरली आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. चित्रपटात क्रौर्य कमी होते, हे ते गृहीत. कथा आणि चित्रपट शेजारी ठेवून वाचले, तर हे गृहीत टिकत नाही. खलपात्राचा मृत्यू चित्रपटात सहसा गाळला जात नाही. मूळ कथेत तो नसेल तर पुष्कळदा नव्याने घातला जातो. बदलतो तो या मृत्यूचा कर्ता. कथेत शिक्षा कोणीतरी करते. चित्रपटात ती घडून जाते. हा बदल वरवर तपशिलाचा दिसतो. परंतु परीकथेच्या नैतिक रचनेचा तोल त्यावर अवलंबून आहे, आणि म्हणून तो बारकाईने पाहण्यासारखा आहे.

विवेचनासाठी मुख्यतः एकच जोडी घेतो : ग्रिम बंधूंच्या संग्रहातील ५३ व्या क्रमांकाची कथा, जिला आपण मराठीत ‘हिमगौरी आणि सात बुटके’ म्हणून ओळखतो, आणि तिच्यावर आधारलेला डिस्ने यांचा १९३७ मधील चित्रपट. पूर्ण लांबीच्या परीकथापटांची घडण पुढे अनेक दशके या चित्रपटाने ठरवली, म्हणून ही निवड.

२

तुलनेला हात घालण्यापूर्वी ‘मूळ’ या शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये आणि दुसरा १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८५७ मधील सातव्या आवृत्तीपर्यंत विल्हेल्म ग्रिम या कथांवर संस्कार करीत राहिला. १८१२ च्या पाठात हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी स्त्री तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सख्खी आई प्रसूतीनंतर मरण पावते आणि सावत्र आई तिची जागा घेते. मातृत्वाची प्रतिमा अबाधित राहावी, या गरजेतून झालेले हे रूपांतर आहे. चित्रपट जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, छापील पुस्तकाच्या पानांवर ते झाले.

मारिया टाटार यांनी १९८७ मधील आपल्या अभ्यासात दाखवून दिले आहे की, विल्हेल्म ग्रिमने कथांतील लैंगिक सूचना काटेकोरपणे पुसल्या, मात्र शिक्षेतील क्रौर्य तसेच राहू दिले, काही ठिकाणी वाढवलेही. १८१२ च्या पाठातील रापुन्झेल आपले कपडे घट्ट का होऊ लागले, असे भाबडेपणाने विचारते आणि तिचे गरोदरपण उघड होते. पुढील आवृत्त्यांत हा प्रश्न नाहीसा होतो. तात्पर्य, प्रत्येक काळाचा संकोच वेगळा असतो. एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय जर्मन घराला देहाचा संकोच होता, शिक्षेचा नव्हता. तेव्हा डिस्ने यांनी ‘मूळ’ बिघडवले, ही भाषा आपल्या कामाची नाही. १९३७ चा संकोच नेमका कशाचा होता, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

तो मृत्यूचा किंवा भीतीचा नव्हता, हे उघड आहे. वनात पळणाऱ्या हिमगौरीला झाडांचे डोळे आणि हात दिसू लागतात, राणीचे चेटकिणीत रूपांतर होते, ही दृश्ये आजही मुलांना घाबरवतात. ब्रिटनमध्ये १९३८ साली या चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे मुलांनी तो मोठ्यांच्या सोबतीनेच पाहावा, असे तेथील परिनिरीक्षकांना वाटले. अशा चित्रपटाला ‘सौम्य’ हे विशेषण लावणे धाडसाचे आहे.

३

आता दोन्ही शेवट पाहू. कथेच्या १८५७ च्या पाठात घटनांचा क्रम असा आहे : हिमगौरी जागी होते, विवाह ठरतो, राणीला निमंत्रण जाते. आरसा तिला सांगतो की नवी राणी तिच्याहून सहस्रपट सुंदर आहे. तिला जावेसेही वाटत नाही आणि गेल्यावाचून चैनही पडत नाही. अखेर तिचा मत्सरच तिला विवाहमंडपात घेऊन येतो. तेथे ती हिमगौरीला ओळखते आणि भीतीने जागच्या जागी खिळते. परंतु लोखंडी सपाता आधीच निखाऱ्यांवर ठेवलेल्या असतात. त्या चिमट्याने धरून आणल्या जातात, तिच्यासमोर मांडल्या जातात. त्या लालभडक सपातांत पाय घालून तिला मरून पडेपर्यंत नाचावे लागते. कथा येथे संपते.

चित्रपटात क्रम उलटा आहे. बुटके चेटकिणीचा पाठलाग करतात. पाऊस कोसळत असतो. ती कड्यावर चढते, तरफेने एक प्रचंड शिळा बुटक्यांवर लोटू पाहते, आणि त्याच क्षणी वीज पडते. कडा तुटतो, ती खाली कोसळते, शिळाही तिच्यामागून जाते. दोन गिधाडे संथपणे दरीत उतरतात. बुटके काठावर येऊन खाली पाहतात. त्यानंतर काचेची पेटी, ऋतूंचे सरणे, राजपुत्राचे आगमन, चुंबन आणि प्रस्थान.

या उलटापालटीने काय साधले? पहिली गोष्ट, राणी आणि हिमगौरी यांची अखेरची भेटच नाहीशी झाली. कथेतील राणीला हिमगौरी जिवंत असल्याचे कळते. आपण हरलो हे जाणून ती मरते. शोकात्मिकेच्या चर्चेत ज्याला आपण अभिज्ञान म्हणतो, तो ओळख पटण्याचा क्षण खलपात्राच्या वाट्याला यावा, ही या कथेची मोठीच गोष्ट आहे. चित्रपटातील राणी आपण जिंकलो, अशा समजुतीतच मरते. हिमगौरीलाही तिच्या मरणाची वार्ता मिळाल्याचे पडद्यावर दिसत नाही. जिच्याविरुद्ध अपराध घडला ती आणि जिने तो केला ती, या दोघी न्यायाच्या क्षणी एकमेकींसमोर येतच नाहीत.

दुसरी गोष्ट, विवाह आणि शिक्षा यांची ताटातूट झाली. कथेत ही दोन्ही एकाच मंडपात, एकाच वेळी घडतात. आनंदाच्या घटकेला जळत्या पायांचा नाच साक्षी आहे. नववधूचे सुख त्या नाचापासून वेगळे काढता येत नाही. वाचकाला हे अस्वस्थ करते, आणि करावे. चित्रपटात शिक्षा आधी उरकते. मग ऋतू बदलतात, बर्फ वितळते, फुले येतात, आणि प्रेक्षक निर्मळ मनाने सुखान्ताकडे जातो. मधले ऋतू हे स्मृती धुऊन काढण्याचे साधन आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कर्त्याची. येथे व्याकरणाचा आधार घेणे उपयोगी पडेल. सपाता कोणी तापवल्या? कथा सांगत नाही. जर्मन पाठातील वाक्यरचना कर्मणी आहे, आणि मराठीतही आपण ‘सपाता तापत ठेवल्या होत्या’ असेच म्हणू. येथे कोणी आक्षेप घेईल की कथेनेही कर्ता लपवलाच आहे. आक्षेप रास्त आहे, परंतु अपुरा आहे. ‘ठेवल्या होत्या’ या क्रियापदाला कर्ता असावाच लागतो; तो वाक्यात नसेल तर अध्याहृत असतो. निखारे कोणीतरी फुलवले, चिमटा कोणीतरी धरला. सपाता आधीच तापत ठेवलेल्या आहेत, म्हणजे कोणीतरी हे ठरवलेही आहे. स्थळ विवाहाचे आहे, आणि तेथे वर, वधू व जमलेली मंडळी आहेत. नाव घेतले नसले तरी हे हात त्यांच्यापैकीच कोणाचे तरी आहेत. कदाचित नाव न घेतल्यामुळे ते सर्वांचेच होतात. उलट ‘वीज पडली’ या वाक्यात अध्याहृत असे काहीच नाही. वीज पडते, तिला कोणी पाडलेले नसते. कथेतील कर्ता झाकलेला आहे, चित्रपटातील कर्ता नाहीच.

४

चित्रपटाचे चातुर्य असे की, तो शिक्षेची इच्छा गाळत नाही. बुटके पाठलाग करतात. त्यांच्या मनात काय आहे हे स्पष्ट आहे. प्रेक्षकही त्यांच्या बरोबरीने धावत असतो आणि चेटकीण मरावी असे त्याला मनापासून वाटत असते. इच्छा अगदी शेवटच्या पायरीपर्यंत आणली जाते, आणि तेथे आकाश ती पूर्ण करते. मूळ कथेतील बुटके राणीचा पाठलागच करीत नाहीत, हे ध्यानात घेतले तर हा पाठलाग कशासाठी रचला आहे ते कळते. इच्छेचे समाधान मिळावे, परंतु त्याची किंमत कोणालाच मोजावी लागू नये, अशी ही योजना आहे.

याच चित्रपटातील दुसरा प्रसिद्ध बदल या प्रकाशात पाहिला पाहिजे. कथेत हिमगौरी चुंबनाने जागी होत नाही. १८१२ च्या पाठात, पेटी सतत वाहून नेण्याला कंटाळलेला एक सेवक रागाने तिच्या पाठीत धपका घालतो आणि घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. नंतरच्या पाठांत पेटी वाहणाऱ्यांना झुडपाची ठेच लागते आणि त्या धक्क्याने तो तुकडा निघतो. दोन्ही ठिकाणी जागृती हा अपघात आहे. राजपुत्राला पेटी हवी आहे, आतली मुलगी जिवंत होईल अशी त्याची कल्पनाही नाही. चित्रपटाने काट्यांच्या कुंपणामागे झोपलेल्या राजकन्येच्या कथेतून चुंबन उसने आणले आणि ते आधीच चेटकिणीच्या पोथीत एकमेव उतारा म्हणून नोंदवून ठेवले. राजपुत्रालाही त्याने विहिरीपाशी आरंभीच भेटवले. म्हणजे जागृतीला कारण मिळाले, आणि ते कारण प्रेम हे झाले.

आता दोन्ही बदल एकत्र मांडले की रूपांतराचे तत्त्व स्पष्ट होते. कथेत जीव परत येतो तो अपघाताने आणि शिक्षा होते ती हेतुपुरस्सर. चित्रपटात जीव परत येतो तो हेतूने आणि शिक्षा होते ती अपघाताने. ही अदलाबदल इतकी नेमकी आहे की ती केवळ सोयीची म्हणता येत नाही. तिच्यामागे एक जीवनदृष्टी आहे. सुख माणसाच्या मनोभावातून उगवते, प्रेमाला फळ येतेच, ही तिची एक बाजू. दुष्टाचा नाश आपोआप होतो, त्यासाठी कोणाला हात मळवावे लागत नाहीत, ही तिची दुसरी बाजू. लोककथेची दृष्टी नेमकी उलट होती : सुख हे बरेचसे दैवाधीन आहे, एखाद्या ठेचेवर अवलंबून आहे, न्याय मात्र आपणच करायचा असतो.

बेटलहाइम यांनी १९७६ मध्ये परीकथांची मनोविश्लेषणात्मक मांडणी करताना, बुटक्यांना स्वतंत्र नावे आणि स्वभाव दिल्याबद्दल या चित्रपटाला दोष दिला होता. वास्तविक अशी नावे देण्याची प्रथा १९१२ मधील अमेरिकन नाट्यरूपांतरातच पडली होती. बुटक्यांना व्यक्तिमत्त्व मिळाले हे खरेच, परंतु त्याहून अधिक विचार करायला लावणारी गोष्ट ही की, व्यक्तिमत्त्व मिळालेल्या या सात जणांना कृतीची जबाबदारी मात्र मिळाली नाही. जॅक झाइप्स यांनी डिस्नेपटांवर घेतलेल्या आक्षेपांत पुरुषप्रधानता आणि अमेरिकन आशावाद यांचा मुद्दा प्रमुख आहे. त्या आशावादाचे एक रहस्य या कर्तृलोपात आहे, अशी पुस्ती त्याला जोडता येईल.

५

एका चित्रपटावरून सिद्धान्त काढणे योग्य नव्हे. म्हणून इतर काही उदाहरणे थोडक्यात पाहू. विशेषतः ज्या कथांत खलपात्राला शिक्षाच नाही, त्यांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

ग्रिम यांच्या रापुन्झेलच्या कथेत चेटकिणीला कसलीही शिक्षा होत नाही. मनोऱ्यावरून खाली पडतो तो राजपुत्र, आणि काट्यांनी त्याचे डोळे जातात. २०१० मधील ‘टँगल्ड’ या चित्रपटात मनोऱ्यावरून पडते ती चेटकिणीच्या जागी असलेली गॉथेल. तिच्या पायांत केस अडकावे म्हणून ते ओढतो कोण, तर एक सरडा. रापुन्झेल तर तिला वाचवण्यासाठी हात पुढे करते. क्रौर्य गाळण्याचा सिद्धान्त येथे निरुपयोगी ठरतो, कारण चित्रपटाने नसलेला मृत्यू निर्माण केला आहे, आणि निर्माण करून तो एका मुक्या प्राण्याच्या नावावर टाकला आहे.

१९९१ मधील ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्येही तसेच. १७५६ च्या बोमाँ यांच्या पाठात मत्सरी बहिणींचे पुतळे होतात. परी त्यांना ती शिक्षा सुनावते आणि तिची कारणेही सांगते. चित्रपटात बहिणी नाहीत. त्यांच्या जागी गॅस्टन आहे. पशू त्याला मुठीत धरतो आणि सोडून देतो. मग गॅस्टन पाठीमागून वार करतो, त्याचा तोल जातो आणि तो गढीवरून कोसळतो. येथे क्षमाही मिळाली आणि मृत्यूही झाला. नायकाच्या पदरी क्षमेचे पुण्य पडले आणि प्रेक्षकाच्या पदरी सूडाचे समाधान. २०१४ मधील ‘मॅलेफिसेंट’ हा चित्रपट तर जुन्या कथेची उलट बाजू मांडण्यासाठीच निघालेला. त्यातील नायिका राजा स्टेफनचा गळा सोडते, आणि तरीही तो मनोऱ्यावरून पडून मरतोच. २०२५ मधील नव्या ‘स्नो व्हाइट’मध्ये राणी आपला आरसा फोडते आणि तिचा अंत त्या आरशाकडूनच होतो. नायिकेचे रूप काळानुसार पुष्कळ बदलले; ही एक गोष्ट बदलली नाही.

याला अपवाद नाहीत असे नाही. १९५९ मधील ‘स्लीपिंग ब्यूटी’त राजपुत्र तलवार फेकून मारतो, १९८९ मधील ‘द लिटल मरमेड’मध्ये एरिक जहाजाचे टोक समुद्रचेटकिणीच्या देहात घुसवतो. येथे हात आहे. परंतु त्या तलवारीला पऱ्यांच्या मंत्राचे बळ आहे, आणि दोन्ही ठिकाणी मारले जाणारे खलपात्र आधी ड्रॅगन किंवा पर्वतप्राय राक्षसी झालेले आहे. हात ठेवायचा असेल तर समोरचा मानवी चेहरा काढून घ्यायचा, ही दुसरी युक्ती. हिमगौरीच्या चित्रपटात तर दोन्ही युक्त्या एकदम वापरल्या आहेत : राणीची आधी विद्रूप म्हातारी होते, आणि मग वीज पडते. कथेतील राणी मात्र तापल्या सपातांत पाय घालते तेव्हा राणीच असते.

६

या विवेचनावर दोन गंभीर आक्षेप संभवतात.

पहिला माध्यमाचा. माक्स ल्यूटी यांनी युरोपीय लोककथेच्या शैलीविषयी १९४७ मध्ये केलेली मांडणी प्रसिद्ध आहे. लोककथेतील पात्रांना खोली नसते. अवयव तुटतो, परंतु रक्त वाहत नाही, वेदना सांगितली जात नाही. कागदातून कापलेल्या आकृतीसारखी ती पात्रे असतात. म्हणून ‘तापलेल्या सपाता’ हे शब्द ऐकणाऱ्या मुलाला शिक्षेची कल्पना येते, जळत्या मांसाचा वास येत नाही. पडद्यावर त्याच सपाता दाखवल्या तर त्या खरोखर भाजतील. शब्दाला जे अंतर राखता येते ते चित्राला राखता येत नाही. हा आक्षेप मला पूर्णतः मान्य आहे. सपाता दाखवायला हव्या होत्या, असे माझे म्हणणे नाहीच. परंतु सपाता दाखवता येत नाहीत, यावरून शिक्षेचा कर्ता दाखवता येत नाही असे निष्पन्न होत नाही. राणीला विवाहमंडपात आणता आले असते, हिमगौरीसमोर उभे करता आले असते, तिला हद्दपार करता आले असते. निदान तिचे काय करायचे, हा प्रश्न कोणाच्या तरी तोंडी घालता आला असता. माध्यमाने दृश्य बदलायला भाग पाडले. प्रश्नच रद्द करायला भाग पाडले नाही.

दुसरा आक्षेप असा की, वीज म्हणजे निव्वळ अपघात नव्हे, तो ईश्वरी न्याय आहे. आपल्याकडेही देवाच्या काठीला आवाज नसतो असे म्हणतात. परंतु ईश्वरी न्यायासाठी कथाविश्वात न्याय करणारे कोणी असावे लागते. चित्रपटातील हिमगौरी रात्री गुडघे टेकून प्रार्थना करते खरी, मात्र ती प्रार्थना आणि ती वीज यांच्यात कोणताही दुवा चित्रपट जोडत नाही. पुतळे करणारी बोमाँची परी बोलते, कारणे देते. वीज बोलत नाही. आणि ईश्वरी न्याय म्हणूनच ती स्वीकारली, तरी माणसाची न्यायातून सुटका झाली, हा मुद्दा शिल्लक राहतोच.

७

मग बिघडले कोठे, असे विचारता येईल. मुलांना दंडविधान शिकवणे हे काही परीकथेचे काम नव्हे. बिघडते ते असे : ज्या कथाविश्वात कोणाचाच हात शिक्षेसाठी उठू शकत नाही, तेथे कोणाचाच हात शिक्षेपासून मागेही घेता येत नाही. कर्ता गेला की क्षमाही जाते.

अँडरसन यांच्या १८३७ मधील छोट्या जलपरीच्या कथेचा उत्कर्षबिंदू कोणता? बहिणी आपले केस देऊन समुद्रचेटकिणीकडून सुरी आणतात. राजपुत्राच्या काळजात ती खुपसली तर जलपरी वाचणार आहे. तिच्या हातात सुरी आहे, समोर तो आपल्या वधूसह झोपलेला आहे. ती सुरी लाटांत भिरकावते आणि स्वतः फेस होते. या क्षणाला अर्थ आहे, कारण सुरी खरी आहे आणि हात तिचा आहे. १९८९ च्या चित्रपटात जलपरीचे प्राण वाचले, आवाज परत मिळाला, विवाह झाला. परंतु ही सुरीच कथेतून निघून गेली, आणि सुरीबरोबर नकाराचा तो क्षणही गेला. सुखान्त केला म्हणून ही हानी झालेली नाही. शार्ल पेरो यांच्या १६९७ मधील पाठात सिंड्रेला आपल्या बहिणींना क्षमा करून त्यांचे विवाह सरदारांशी लावून देते. तो सुखान्तच आहे, आणि त्यात कर्ता ठळक आहे. ग्रिम यांच्या पाठात कबुतरे त्याच बहिणींचे डोळे टोचतात. म्हणजे ग्रिम यांच्याकडेही शिक्षा पक्ष्यांवर सोपवण्याचा मोह आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंपरेत दोन्ही वाटा होत्या. चित्रपटाने त्यांतली एक रुळवली.

दुसरी वाट चित्रपटालाही बंद नाही. हायाओ मियाझाकी यांचा २००८ मधील ‘पोन्यो’ हा जलपरीच्या कथेचाच दूरचा वंशज. त्यात मारण्याजोगे कोणी नाहीच. पाच वर्षांच्या सोसुकेला पोन्योची आई एक प्रश्न विचारते : ही मुळात मासोळी आहे हे जाणूनही तू हिचा स्वीकार करशील का? त्याने नकार दिला, तर पोन्योचा फेस होणार आहे. अँडरसनचा फेस येथे धोका म्हणून शिल्लक आहे, आणि निर्णय एका लहान मुलाच्या तोंडच्या शब्दावर ठेवलेला आहे. चित्रपट अत्यंत कोमल आहे, आणि तरीही जबाबदारी कोणा विजेवर ढकललेली नाही. कोमलपणा आणि कर्तृलोप या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे दाखवायला एवढे उदाहरण पुरे आहे.

आपल्या घरातील सर्वांत परिचित कथा यासंदर्भात आठवते. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येऊन दार ठोठावतो. चिमणी एकेक काम सांगत दार उघडायला वेळ लावते. पुढे काय होते ते घराघरांत वेगळे सांगतात. काही ठिकाणी कावळा तापल्या तव्यावर बसतो, काही ठिकाणी त्याला कोपऱ्यात जागा मिळते. परंतु कोणत्याही सांगण्यात दाराच्या कडीवर चिमणीचाच हात असतो. तो उशीर चिमणीचा आहे, पावसाचा नाही. म्हणूनच ऐकणारे मूल हमखास विचारते की, तिने लगेच दार का नाही उघडले. या प्रश्नाचे उत्तर देताना सांगणाऱ्या आजीला थोडे थांबावे लागते.

विजेविषयी असा प्रश्न कोणी विचारत नाही. पदव्युत्तर वर्गात हिमगौरीची कथा शिकवताना विद्यार्थ्यांना प्रथम सपातांचा शेवट कळतो, तेव्हा पुष्कळांना तो मागाहून कोणीतरी घुसडलेला वाटतो. चित्रपटाचा शेवट त्यांच्या दृष्टीने मूळ असतो. त्यांची यात चूक नाही. रूपांतर यशस्वी झाले, की ते मूळ होऊन बसते. त्यांच्यापुढे मी सध्या एकच प्रश्न ठेवतो : सपाता कोणी तापवल्या असतील? उत्तरे वेगवेगळी येतात. कोणी राजपुत्राचे नाव घेते, कोणी बुटक्यांचे. एखादी विद्यार्थिनी बराच वेळ गप्प राहून हिमगौरीचे नाव घेते, आणि मग वर्गात वाद सुरू होतो. परीकथेने पिढ्यान्‌पिढ्या जे काम केले, ते हा वाद सुरू करण्याचे होते. चित्रपटाच्या शेवटाने तो मिटवला, आणि त्या शेवटाचे मूल्यमापन करताना ही गोष्ट हिशेबात धरावी लागेल.